फोन ठेवायचा, फ्रिज काढायचा

नागपूरच्या आमच्या कुटुंबात दोन माणसं एकाच गोष्टीची काळजी करतात आणि म्हणूनच त्यांचं पटत नाही. एक माझा थोरला भाऊ. कोराडीच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेला, सगळं जग कोळसा आणि राख या मापात मोजणारा. दुसरी माझी मुलगी, मिहानमधल्या एका कंपनीत संगणकावर काम करणारी. यंदा दिवाळीच्या साफसफाईत कपाटाच्या खणातून जुने फोन, चार्जर आणि वायरींचा गुंता निघाला, आणि वाद जो पेटला तो बर्डीच्या बाजारापर्यंत जाऊन आला. नावं कशाला, नात्यावर भागतं. मामाची बोली आहे तशी ठेवली आहे. ती सुधारायला गेले तर मलाच बोलणी बसतील.

मामा: पहिले मले सांग, हा चार्जर भिंतीत काहून लटकून राहिला? फोन तं तुझ्या हातात आहे.

भाची: राहू द्या हो मामा. फोन न लावलेला बरा चार्जर एक दशांश वॅटच्या आसपास घेतो. वर्षभर लटकला तरी एक युनिट होत नाही. तुम्ही घरभर फिरून चार्जर उपसता आणि टीव्हीखालच्या सेट टॉप बॉक्सकडे बघतही नाही. टीव्ही बंद केला तरी तो आठ-दहा वॅट ओढत बसतो. त्याच्या शेजारी वायफायचा राउटर, तोही तेवढेच. दोघांचे मिळून वर्षाला दीडशे युनिट झाले.

मामा: मग थेही बंद करू. तुले युनिट म्हणजे बिलावरचा आकडा वाटते. मी थो कोळशात पाह्यला. जुन्या २१० मेगावॅटच्या संचात एका युनिटले पाऊण किलो कोळसा लागे. आता ६६० चे तीन संच आहेत, त्याइले थोडा कमी लागते. पण आपल्या कोळशात पस्तीस-चाळीस टक्के राखच राहते. म्हणजे युनिटमागं पाव किलो राख. थे कुठं जाते, माहीत आहे?

मुलीला माहीत होतं, नागपुरात ते कुणाला माहीत नाही? जुलै २०२२च्या पावसात खसाळ्याच्या राखेच्या तलावाचा बांध फुटला. राखेचा गाळ शेतांत शिरला, कोलार नदीत उतरला आणि पुढे कन्हानला मिळाला. कन्हानचं पाणी आपल्या नळाला येतं. त्यानंतर वर्षभराच्या आतच कोराडीला ६६०चे आणखी दोन संच हवेत म्हणून मे २०२३मध्ये जनसुनावणी झाली आणि शहरातून त्याला भरपूर विरोध झाला. भाऊ तेव्हा विरोध करणाऱ्यांवर चिडला होता. ‘एसी लावून वीज नको म्हणतात,’ एवढंच त्याचं म्हणणं. मला ते अजूनही झटकून टाकता येत नाही.

भाची: राखेचं मान्य. पण फोनचा हिशेब तुमच्याच मापात करू या. पाच हजार एमएएचची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॅट-अवर. चार्जर तापतो, बॅटरी तापते, ते धरून २५. रोज शून्यापासून पूर्ण भरला तरी वर्षाला नऊ युनिट. म्हणजे किती कोळसा?

मामा: सात किलो. पुरता सातही नाही.

भाची: झालं तर. कार्बन डायऑक्साइडमध्ये साडेसहा किलोच्या आसपास. आणि हा फोन दुकानात येण्याआधीच त्याच्या नावावर पन्नास-साठ किलो जमा झालेले असतात. मोठ्या कंपन्या आपल्याच अहवालात छापतात, की फोनच्या जन्मभराच्या भारातला चार पंचमांशाच्या आसपास भार तो तयार होतानाच पडतो. आपल्या कोळशाच्या विजेवर आठ वर्षं चार्ज केला तेव्हा कुठे ते माप भरतं.

मामा: एवढुशा डब्यात पन्नास किलोचं काय जाते?

भाची: चिप. नखाएवढ्या चिपसाठी शेकडो टप्प्यांचं काम, रात्रंदिवस चालणारे कारखाने, आणि तेही बहुतेक कोळशाच्या आणि गॅसच्या विजेवर. शिवाय धातू. कोबाल्ट काँगोचं, लिथियम चिलीच्या वाळवंटातलं. तांब्यासाठी तर लांब जायला नको, आपल्या शेजारी बालाघाटात मलांजखंड आहे. तिथल्या खनिजात तांबं शेकडा एकाच्या आसपास. बाकीचा दगड फोडायचा, दळायचा आणि टाकायचा.

मामा: आणि भंडाऱ्यात डोंगरी बुजुर्ग. मॉइलच्या खाणीपाशीच कारखाना आहे, सेलमधी घालायची मँगनीजची पावडर बनते तिथं. रिमोटचे सेल फेकताना कोणाले वाटते का आपल्याच तुमसरची जमीन फेकून राहिलो म्हणून?

इथपर्यंत दोघं एका बाजूला आहेत असं वाटलं. पण हिशेब पटला तरी त्यातून काय करायचं, इथे वाट फुटली. मुलीचा फोन चार वर्षांचा. उन्हाळ्यात त्याची पाठ उचलली गेली होती. कंपनीच्या सेवा केंद्रात तिला सांगितलं, या मॉडेलची बॅटरी येत नाही, एक्स्चेंजमध्ये नवा घेऊन टाका. मामाचाही सल्ला तोच होता. फोनची वीज किती, तर किरकोळ. मग त्यावर एवढा जीव कशाला लावायचा? वीज मोजणाऱ्याला वस्तू मोजायची सवय नसते, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

शेवटी तिघं बर्डीला गेलो. व्हरायटी चौकातून मोदी नंबरच्या गल्ल्यांत शिरलं की दुरुस्तीची टेबलं ओळीने लागतात. दुकान म्हणावं तर दोन माणसांना उभं राहायला जागा नाही. पोरगा पंचविशीचा. त्याने फोन कानाशी नेऊन हलवला, आडवा धरून पाठ बघितली आणि ‘चार्जिंगला लावून उशीखाली ठेवता का?’ असं विचारलं. मुलगी गप्प. फोन तापत्या पाटीवर काही मिनिटं ठेवला, मग पाठीच्या फटीत प्लास्टिकचं पातळ पान सरकवून कडेकडेने फिरवलं. आत बॅटरी टम्म फुगलेल्या पुरीसारखी. ती उपटताना त्याने लोखंडी काहीही वापरलं नाही. चिकटपट्टीखाली स्पिरिटचे थेंब सोडले आणि डिंक सुटेपर्यंत वाट बघत बसला. भोक पडलं तर पेट घेते, म्हणाला. निघालेली बॅटरी वाळूच्या डब्यात गेली. ‘ओरिजिनल नाही मिळणार, चांगली कॉपी आहे, सहा महिने गॅरंटी.’ चार्जिंगची पट्टी साफ केली, पाठ चिकटवली, रबरबँड लावून फोन बाजूला ठेवला. नव्या फोनच्या किमतीच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी पैसे घेतले.

मामा: पोरगा हुशार आहे. याले आमच्याकडे टर्बाइनवर ठेवलं असतं.

भाची: हुशार आहेच. पण त्याला बॅटरी कॉपी का लावावी लागते? कंपनी सुटा भाग त्याला विकत नाही, सर्किटचा नकाशा देत नाही. काही फोन तर बाहेरचा डिस्प्ले लावला की पडद्यावर इशारे दाखवतात. युरोपात २० जून २०२५ पासून नियम आहे: बॅटरी ८०० वेळा भरल्यावरही ८० टक्के क्षमता राहिली पाहिजे, मॉडेल बंद झाल्यावर सात वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, पाच वर्षं सॉफ्टवेअर मिळालं पाहिजे. आपल्याकडे दुरुस्तीच्या हक्कासाठी २०२२ साली समिती, डिसेंबरात पोर्टल. मे २०२५मध्ये दुसऱ्या समितीने दुरुस्ती किती सोपी याचे गुण द्यायचा आराखडा सादर केला. कागद पुढे सरकतोय, बर्डीतल्या पोराच्या टेबलावर त्यातलं काही आलेलं नाही.

मामा: म्हणजे कंपनीचा दोष. आणि उशीखाली चार्जिंगले कंपनीनं ठेवला?

हा घाव वर्मी बसला, आणि बसायलाच हवा होता. या विषयावर लिहिणारे सगळे नियमांवर आणि कंपन्यांवर लिहितात, आपल्या गावच्या उन्हावर कुणी लिहीत नाही. लिथियमची बॅटरी दोन गोष्टींनी म्हातारी होते: उष्णता आणि काठोकाठ भरलेपण. चाळीस अंशांत पूर्ण भरलेली बॅटरी वर्षभर पडून राहिली तर तिची एक तृतीयांशाच्या आसपास क्षमता जाते. तीच चाळीस टक्के भरलेली असेल तर नुकसान निम्म्याहून कमी. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि बंद मोटारीच्या काचेखाली ठेवलेल्या फोनला तर सत्तरीचा डॅशबोर्ड सोसावा लागतो. दुपारभर मोटारीत नकाशा लावून, वरून चार्जिंग चालू ठेवून फोन तापवायचा आणि मग ‘आजकालच्या वस्तू टिकत नाहीत’ म्हणायचं. बऱ्याच फोनमध्ये ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, ती एकदा लावून ठेवली की विसरता येतं. उन्हाळ्यात फोन कूलरच्या वाऱ्यात आणि जाड कव्हर काढून चार्ज करायचा. नागपूरकराने एवढं केलं तर फोनचं एखादं वर्ष वाढेल, आणि तेही पैसा न मोजता.

भाची: बरं, बॅटरीचं ऐकते. पण तुमच्या डेस्कटॉपचं काय? तो तर तापत नाही, फुगत नाही. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज दहाचा नेहमीचा आधार थांबवला आणि चांगली चालती मशीन एका तारखेने जुनी झाली. नवं विंडोज तुमच्या प्रोसेसरवर चढतच नाही.

मामा: तू काय थे लिनक्स टाकून दिलं ना. चालून राहिलं. पत्ते खेळता येते, पेपर वाचता येते. पण माझ्या फोनवर हयातीच्या दाखल्याचं अॅप चालत नाही, त्याचं काय करतं?

त्याचं खरंच काय करायचं? ईपीएस-९५ची पेन्शन ती केवढी, आणि ती चालू राहावी म्हणून दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सांगायचं. तेही आता चेहरा दाखवून, फोनवर. फोन बोलतो, ऐकतो, फोटो काढतो, पण त्यातलं अँड्रॉइड जुनं म्हणून अॅप बसत नाही. भाऊ शेवटी शेजारच्या पोराच्या फोनवरून जिवंत ठरला. हार्डवेअर धडधाकट आणि सॉफ्टवेअरने मारलेला असा फोन घरोघरी आहे. त्याला जुना म्हणणं मला पटत नाही. तो काढून घेतलेला आहे.

खणातल्या ढिगाकडे अजून आलोच नव्हतो.

मामा: हे सारं कबाडीवाल्याले दे. थो दारात येते, काटा लावते, रोख देते.

भाची: आणि मग? तो फोडणाऱ्याला विकतो, तो पुढच्याला. वायरीचं प्लास्टिक जाळून तांबं काढतात, त्या धुरात डायऑक्सिन. सर्किट आम्लात बुडवून सोनं काढतात, उरलेलं आम्ल नाल्यात. दिल्लीचं सीलमपूर, मुरादाबादची रामगंगा, सगळं छापून आलेलं आहे. आणि एवढं करून हाताला काय लागतं? सोनं नि तांबं. बॅटरीतलं लिथियम, कोबाल्ट जातंच.

मामा: तुझा अधिकृतवाला कुठं आहे? त्याले बोलाव ना. मी देतो.

भाची: नियम तर आहे. १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत, १०६ प्रकारच्या वस्तू त्यात येतात. कंपनीने बाजारात ओतलेल्या मालाच्या प्रमाणात जुना माल रिसायकल झाल्याचं प्रमाणपत्र घ्यायचं. आधी ६० टक्के, २०२५-२६ला ७०, पुढे ८०.

मामा: प्रमाणपत्र घ्यायचं. फोन घ्यायचा असं कुठं लिहिलं आहे? त्याइले कागद पाहिजे, मले दारात माणूस पाहिजे.

मुलीने यावर उत्तर दिलं, पण ते मामाच्या प्रश्नाचं नव्हतं. कंपन्यांनी रिसायकल करणाऱ्याला किलोमागे किमान २२ रुपये द्यावेत असं सरकारने ठरवलं, तर मोठमोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, हे तिने सांगितलं. किलोला बावीस रुपये! आमचा कबाडी लोखंडालाही त्याहून जास्त देतो. जगात २०२२ साली ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के नोंदलेल्या रीतसर मार्गाने गेला, हा संयुक्त राष्ट्रांचा आकडा वाचून आपण लोकांच्या बेफिकिरीला दोष देतो. मला वाटतं दोष त्या दारात न आलेल्या माणसाचा आहे. कबाडीवाला येतो, प्रत्येक गल्लीत येतो, हाक ओळखीची असते. त्याच्याकडून गोळा करण्याचं काम काढून घेणं मूर्खपणाचं. त्याच्या हातून फोडण्याचं आणि जाळण्याचं काम तेवढं सुटायला हवं, आणि अधिकृत कारखान्याने त्याच्याकडून बरा भाव देऊन माल उचलायला हवा. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था घरोघरचा ई-कचरा गोळा करते. नागपुरात हे न जमायला काय झालं? धातू परत मिळवण्याची विद्या तर आपल्याच गावात आहे, वाडीला जवाहरलाल नेहरूंच्या नावाचं अॅल्युमिनियम संशोधन केंद्र आहे. विद्या वाडीला, माल आमच्या खणात, आणि मधला रस्ता कुणाचा नाही.

ढिगातले दोन फोन चालू झाले. एक कामवाल्या ताईंच्या मुलाकडे गेला, एक भिंतीवरच्या कॅमेऱ्यासारखा अंगणाकडे तोंड करून बसवला. उरलेले जमा करण्याच्या रांगेत. खणात ठेवणं ही सगळ्यांत वाईट सोय, कारण तिथे वस्तू वापरातही नसते आणि तिच्यातला धातूही कुणाला मिळत नाही.

मग मुलीने मामाच्या स्वयंपाकघराकडे मोर्चा वळवला.

भाची: आता तुमचं बोलू. पंखे बदललेत, चांगलं केलंत. पंचाहत्तर वॅटचा जाऊन तीस वॅटचा आला. आपल्याकडे पंखा दिवसाला पंधरा तास आणि वर्षाला दहा महिने फिरतो, म्हणजे एका पंख्यामागे दोनशे युनिट वाचले. माझा फोन वीस वर्षं चालेल त्यात. पण हा फ्रिज?

मामा: फ्रिजले हात लावू नको. त्यावेळचं लोखंड आहे. एकदाही गॅस भरला नाही.

भाची: लोखंडाचं कौतुक नंतर. मी प्लगमध्ये मीटर लावून बघितलं. दिवसाला दीड युनिटाच्या वर जातं. वर्षाचे साडेपाचशे धरा. याच मापाचा चांगल्या स्टारचा नवा दोनशेत चालतो. साडेतीनशे युनिटचा फरक. कोळसा तुम्ही सांगा.

मामा सांगेना. तिनेच सांगितलं: अडीचशे किलोच्या वर कोळसा आणि त्यातली नव्वद किलो राख, दरसाल, खसाळ्याला. फोनचा भार तो बनवताना पडतो म्हणून तो टिकवायचा, फ्रिजचा भार तो चालताना पडतो म्हणून जुना काढायचा. नवा फ्रिज बनवण्याचं ओझं वर्ष-दोन वर्षांत फिटतं. ‘वस्तू जपून वापरा’ हा आजीचा उपदेश फोनला लागू आणि फ्रिजला गैरलागू, हे भावाला पचायला जड गेलं. मलाही गेलं.

मामा: ठीक आहे. एक्स्चेंजमधी देतो. मग हा जाईन नंदनवन वस्तीत एखाद्या पोराच्या खोलीवर. तिथं साडेपाचशे युनिट ओढीन. माझा कोळसा वाचला, कोराडीचा कुठं वाचला?

मुलगी थांबली. हा प्रश्न जाहिरातीत नसतो.

भाची: मग मोडीतच काढायला हवा.

मामा: कबाडी काय करीन माहीत आहे? मागचा पाइप पक्कडीनं कापीन. फुस्स. त्यातला गॅस कोणता आहे?

भाची: (मागची पट्टी वाचून) आर-१३४ए. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास. कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे पटीने तापवणारा. म्हणजे... दीडशे किलोच्या वर.

मामा: एका फुस्समधी तीन फोन गेले. अजून फोमच्या भिंतीतला गॅस वेगळाच.

भाची: गॅस उतरवून सिलिंडरमध्ये घेणारं मशीन असतं, मामा. अधिकृत कारखान्यात असायला हवं. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत विदर्भातले आहेत, मी फोन करते.

मामा: कर. मी पण येतो संगं, त्यानं मशीन लावलं का नाही थे डोळ्यानं पाहीन. तोवर दाराचं रबर बदलून घेतो, ढिलं झालं आहे, त्यातूनच अर्धी थंडी जाऊन राहिली. रबर तं बर्डीत भेटते ना?